वर जाणारा चेंडूही पडतच असतो

प्रोजेक्टाइलचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या वाटेचा, धडा सुरू करताना मी फळ्यावर सूत्र लिहीत नाही. एक तिरकी सरळ रेष काढते. चेंडू या दिशेनं फेकलाय असं धरू, म्हणते, आणि घटकाभर गुरुत्वाकर्षण नाहीच असंही धरू. मग तो याच रेषेवरून, त्याच वेगानं, न थांबता जात राहील. रेषेवर सारख्या अंतरानं खुणा करते. प्रत्येक खूण म्हणजे सारख्या वेळानंतरची चेंडूची जागा. आता गुरुत्वाकर्षण परत आणायचं. पहिल्या खुणेपासून सरळ खाली बोटभर रेघ ओढायची, दुसरीपासून तिच्या चौपट, तिसरीपासून नऊपट, चौथीपासून सोळापट. रेघांची खालची टोकं जोडली की कमान तयार. ही कमान मुलांनी पुस्तकात पाहिलेली असतेच, पण सरळ रेषेपासून उतरत गेलेली अशी ती बहुतेकांना पहिल्यांदाच दिसते.

माझ्या मते सगळा धडा या एका चित्रात आहे. हातातून सुटल्या क्षणापासून चेंडू पडायला लागतो. वर चढत असतानाही तो पडतच असतो.

माझ्या भाचीला हे वाक्य अजिबात पटलं नव्हतं. "मावशी, चढतोय आणि पडतोय, दोन्ही एकदम कसं असेल?" असं तिनं विचारलं. प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, "अगं, पडतोय म्हणजे कुठून पडतोय, ते आधी बघू." आणि तिच्यापुढे आकडे ठेवले.

चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगानं फेकलाय, अशा कोनात की त्या वेगाचा आडवा घटक २० आणि उभा घटक १५ भरावा. (कोन ३७ अंशांच्या जवळ येतो. ३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणामुळे आकडे सुटसुटीत राहतात.) गुरुत्वीय त्वरण १० धरू. एका सेकंदानंतर सरळ रेषेवरचा चेंडू २० मीटर पुढे आणि १५ मीटर वर असता. पण नुसती सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ५ मीटर पडते, तेवढाच हाही पडला. म्हणून खरा चेंडू १० मीटर उंचीवर. दोन सेकंदांनी रेषेवरची जागा ४० मीटर पुढे, ३० मीटर वर; तोवरचं पडणं २० मीटर; उंची पुन्हा १०. तीन सेकंदांनी रेषा ६० मीटर पुढे आणि ४५ मीटर वर पोचलेली, आणि चेंडू तिच्यापासून बरोबर ४५ मीटर खाली. म्हणजे जमिनीवर.

पहिल्या सेकंदात तो १५ ऐवजी १० मीटरच चढला. ते कमी पडलेले ५ मीटर म्हणजेच त्याचं पडणं.

भाचीनं मग आपणहून दीड सेकंदाचा हिशेब केला. रेषेवरची उंची २२.५ मीटर, पडणं ११.२५ मीटर, उरली उंची ११.२५ मीटर. "बरोब्बर निम्मी!" ही गोष्ट तिची तिला सापडली, म्हणून मला फार आनंद झाला. कमानीचं टोक नेहमीच त्या क्षणीच्या सरळ रेषेच्या निम्म्या उंचीवर येतं, कोन कुठलाही असो, वेग कितीही असो. कारणही साधं आहे. टोकापर्यंत जाताना उभा वेग १५ वरून एकसारखा कमी होत शून्यावर येतो, म्हणजे सरासरी साडेसात. रेषेवरचा काल्पनिक चेंडू मात्र पूर्ण १५ च्या वेगानं चढत राहिलेला असतो.

हे चित्र कागदावर पाहणं वेगळं आणि हातात धरणं वेगळं. त्यासाठी मी एक साधन वापरते, आणि ते कुणालाही घरी करता येईल म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक मीटर लांबीची हलकी, सरळ लाकडी पट्टी घ्यायची. एका टोकाला भोक पाडून त्यातून भिंतीत किंवा फळीत मारलेल्या खिळ्यावर ती अडकवायची, म्हणजे फिरवता येते. खिळा म्हणजे चेंडू सुटण्याची जागा. तिथून दर १० सेंटिमीटरवर पट्टीच्या मधोमध एक बारीक भोक पाडायचं, एकूण दहा. प्रत्येक भोकातून दोरा ओवून खाली एक मणी बांधायचा. दोऱ्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये अशी: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१ आणि १००. लांबी मोजायची ती भोकापासून मण्याच्या मध्यापर्यंत. गाठ मारताना दोरा थोडा खेचला जातो, म्हणून आधी गाठ मारून मग मोजलेलं बरं; जास्तीचा दोरा भोकातून वर ओढून चिकटपट्टीनं दाबता येतो. मणी फार हलके असले तर दोऱ्याला पीळ राहतो आणि ते गिरक्या घेत बसतात. त्याऐवजी लोखंडी वॉशर बांधले की दोरे ताठ लोंबतात.

पट्टी आडवी धरली की मणी टेबलाच्या कडेवरून आडव्या सुटलेल्या गोळीची वाट दाखवतात. मग पट्टीचं मोकळं टोक हळूहळू वर उचलायचं. दोरे आपले सरळ खालीच लोंबत राहतात, पण मण्यांची ओळ बदलायला लागते. आधी जरा वर जाऊन खाली येणारी बुटकी कमान, मग पसरट मोठी कमान, मग उंच आणि अरुंद कमान. शेवटी पट्टी उभी झाली की सगळे मणी पट्टीलगत येतात. पाचवा मणी सगळ्यांत वर, २५ सेंटिमीटरवर, आणि दहावा मणी परत खिळ्याशी. सरळ वर फेकलेला चेंडू हातात परत आला.

या सगळ्या कमानी एकाच वेगानं फेकलेल्या चेंडूच्या आहेत, कारण पट्टीवरचं भोकांमधलं अंतर बदललेलं नाही, फक्त दिशा बदलली. म्हणून पल्ल्याबद्दलचे सगळे निष्कर्ष इथे डोळ्यांनी तपासता येतात. खिळ्याच्या उंचीवर आडवा दोरा ताणून ठेवा. पट्टी ३० अंशांवर धरली की पाचवा मणी त्या दोऱ्याला टेकतो, खिळ्यापासून साधारण ४३ सेंटिमीटरवर. ६० अंशांवर धरली की कमान आठव्या आणि नवव्या मण्याच्या दरम्यान दोऱ्याला ओलांडते, पण जागा तीच, ४३ सेंटिमीटर. ४५ अंशांवर ती ५० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि त्यापुढे कुठल्याच कोनात जात नाही. दोन वेगळ्या कोनांचा पल्ला एकच कसा, हे सूत्रातून पटवायला बराच वेळ जातो. इथे दिसतं की ३० अंशांचा चेंडू आडवा जोरात जातो, पण पाचव्या मण्यालाच त्याचा वेळ संपतो. ६० अंशांचा आडवा हळू सरकतो, पण हवेत जवळजवळ पावणेदोन पट वेळ राहतो.

पट्टीवरचा एक टप्पा म्हणजे किती वेळ, तेही काढता येतं. १ सेंटिमीटर पडायला सेकंदाचा साधारण २२वा भाग लागतो. तेवढ्या वेळात चेंडू पट्टीवरून १० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर. हा हळू टाकलेल्या गोटीचा वेग आहे. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये अशी गोटी टिपली, तर दर ११ चित्रांमागे ती पुढच्या मण्याच्या जागी असायला हवी. पट्टीमागे फिकट कागद लावून मण्यांच्या जागा आधी टिपून ठेवाव्यात, पट्टी काढावी आणि मग गोटी सोडावी. वेग नेमका जमवायला थोडा सराव लागतो. पण गोटी त्या ठिपक्यांवरून गेलेली एकदा पडद्यावर दिसली की वर्गातला आवाजच बदलतो.

आता या धड्यातली सगळ्यांत चिवट समजूत. चेंडूची कमान काढून मी तीन ठिकाणी ठिपके देते, एक चढताना, एक टोकावर, एक उतरताना. आणि सांगते, हवेचा विरोध सोडून द्या आणि प्रत्येक ठिपक्यावर चेंडूवर असलेलं बल बाणानं दाखवा. चढतानाच्या ठिपक्यावर बहुसंख्य वह्यांमध्ये एक बाण गतीच्या दिशेनं असतो. विचारलं तर उत्तर येतं, "हातानं दिलेलं बल." टोकावर हा बाण आखूड झालेला असतो आणि उतरताना गायब. हात मागे राहिला, चेंडू सुटला, तरी हाताचं बल त्याच्यासोबत प्रवास करतंय आणि वाटेत संपत चाललंय, असं हे चित्र. खरं तर तिन्ही ठिपक्यांवर बाण एकच हवा, गुरुत्वाकर्षणाचा, सरळ खाली.

मी याला अडाणीपणा म्हणत नाही. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ हा अतिशय तल्लख माणूस असाच विचार करत होता. फेकणारा वस्तूला एक आवेग देतो आणि तो तिच्यात राहून तिला पुढे नेतो, असं त्याचं म्हणणं होतं. फेकलेल्या दगडाला मागून हवा ढकलत नेते या त्याआधीच्या कल्पनेपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. १५३७ साली इटलीत तार्तालिया या गणितज्ञानं तोफगोळ्यांवर पुस्तक छापलं, त्यातली वाट तीन तुकड्यांची आहे. आधी तिरकी सरळ रेष, मग वर्तुळाचा तुकडा, मग सरळ खाली. आणि गंमत म्हणजे सगळ्यांत लांब पल्ला ४५ अंशांवर मिळतो हे त्याच पुस्तकात त्यानं बरोबर सांगितलंय. नऊ वर्षांनी पुढच्या पुस्तकात त्यानं मान्य केलं की वाटेचा कुठलाही भाग अगदी सरळ नसतो. म्हणजे सुटल्या क्षणापासून वाकणं सुरू होतं, इथवर तो पोचला होता. पण किती वाकतं, याचं गणित त्याच्याकडे नव्हतं.

ते गणित गॅलिलिओकडे आलं. १६०८ च्या सुमाराची त्याची हस्तलिखित टिपणं फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहेत. त्यातल्या एका पानावर उताराचं आणि कमानींचं चित्र आहे आणि आकडे आहेत. उतारावरून गोळी घरंगळत सोडायची आणि ती टेबलावरून आडवी सुटून खाली कुठे पडते ते मोजायचं. ३०० एकक उंचीवरून सोडली तेव्हा ती ८०० एकक लांब पडली. मग ६०० उंचीवरून किती लांब पडायला हवी? त्याच्या नियमानुसार वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८०० गुणिले २ चं वर्गमूळ, ११३१. प्रत्यक्षात आली ११७२. त्यानं शेजारी फरक लिहून ठेवलाय, ४१. मला हे पान फार प्रिय आहे. हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर दोन्ही लिहून त्यातला फरकही नोंदवणं, हेच आम्ही प्रयोगशाळेच्या वहीत मुलांना शिकवत असतो.

त्याचं पुस्तक लायडनला १६३८ साली छापलं गेलं, तो नजरकैदेत असताना. त्यात कमान काढायची एक सुंदर युक्ती आहे. धातूचा आरसा जवळजवळ उभा धरायचा आणि त्यावरून अक्रोडाएवढी पितळी गोळी तिरकी वर फेकायची. आरशाला टेकून ती वर जाऊन खाली येते आणि मागे पॅराबोलाची रेघ उमटते. (पॅराबोला हे आपल्या कमानीचंच गणितातलं नाव.) रेघ ठळक यावी म्हणून गोळी आधी हातात घोळवून जरा गरम किंवा ओलसर करावी, इतका बारकावा त्यानं दिलाय. आज आरशाऐवजी तिरकी फळी, त्यावर पांढरा कागद, वर कार्बन पेपर आणि स्टीलची जड गोळी घेतली की तेच होतं. उतारामुळे पडण्याचं त्वरण कमी होतं, म्हणून सगळं सावकाश घडतं आणि डोळ्यांना दिसतं. आकार मात्र तोच, कारण त्वरण लहान असलं तरी दिशेनं आणि मापानं न बदलणारं आहे.

आडवं जाणं आणि खाली पडणं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, हा सगळ्याचा पाया. हे पटायला मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते संथ, एकसारख्या वेगानं धावणाऱ्या गाडीतलं उदाहरण. डब्यात हातातून किल्ली सुटली तर पायाशीच पडते. डब्यातल्या माणसासाठी ती सरळ खाली आली. बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी तीच किल्ली गाडीच्या वेगानं आडवी फेकलेली आहे आणि तिची वाट पॅराबोला आहे. किल्ली एकच, जमिनीवर पोचायला लागलेला वेळ एकच. बाहेरून कुणी पाहतंय म्हणून तिचं पडणं लांबणार नाही. इथून पुढे आडव्या झाडलेल्या गोळीचं आणि त्याच उंचीवरून नुसत्या सोडलेल्या गोळीचं एकाच वेळी जमिनीवर येणं आपसूक येतं, सपाट जमीन आणि हवेचा विरोध नाही एवढं धरलं की.

आणि टोकावर चेंडू थांबतो का, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. उभा वेग त्या क्षणी शून्य असतो. आडवा वेग आपल्या उदाहरणात २० होता, तो तिथेही २० च. त्वरण १०, खालच्या दिशेनं, सुरुवातीला होतं तेच. टोकावर त्वरणही शून्य होत असेल असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच विचारते, की तिथे वेग बदलायचा थांबला तर मग चेंडू खाली कसा वळेल?

सूत्रांबद्दल माझं मत जरा कडक आहे. वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाचं साइन भागिले जी (म्हणजे गुरुत्वीय त्वरण), हे पल्ल्याचं सूत्र पहिल्या आठवड्यात मुलांच्या हाती देऊ नये. ते फक्त सुटण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असेल तेव्हाच चालतं, आणि ही अट सूत्र पाठ करताना हमखास गळून पडते. मग गच्चीवरून फेकलेल्या चेंडूलाही तेच लावलं जातं. त्याऐवजी दोन ओळी लिहायच्या, एक आडवी आणि एक उभी, आणि दोन्हींत वेळ तोच. चढण्याचा वेळ वेगळा, उतरण्याचा वेगळा, असे तुकडेही करायची गरज नाही.

तोच चेंडू २० मीटर उंचीच्या कठड्यावरून फेकू. किती वेळानं जमिनीवर येईल? सरळ रेषेवरून तो दर सेकंदाला १५ मीटर चढेल, वेळेच्या वर्गाच्या पाचपट पडेल, आणि शेवटी सुरुवातीपेक्षा २० मीटर खाली असेल. समीकरण मांडून ५ नं भागलं की उरतं: वेळेचा वर्ग, वजा तीनपट वेळ, वजा ४, बरोबर शून्य. उत्तरं दोन, ४ आणि उणे १. चार सेकंदांत आडवं अंतर ८० मीटर. इथे जवळजवळ सगळे उणे १ वर काट मारतात आणि पुढे जातात.

मी त्यांना तिथेच थांबवते, कारण ते उणे १ फार बोलकं आहे. त्या उत्तराचा अर्थ असा, की चेंडू कठड्यावरून सुटण्याच्या एक सेकंद आधी तो जमिनीवर असू शकला असता. कुठे? आडव्या वेगानं एक सेकंद मागे, म्हणजे कठड्याच्या २० मीटर मागे. तेव्हा उभा वेग किती? १५ मध्ये एका सेकंदाचे १० मिळवून २५. म्हणजे कठड्यापासून २० मीटर मागे जमिनीवर उभं राहून कुणी आडवा २० आणि उभा २५ अशा वेगानं चेंडू फेकला असता, तर एका सेकंदानं तो कठड्याच्या टोकापाशी नेमका आपल्याच वेगानं आला असता, आणि पुढे दोघांची वाट एकच. समीकरणाला कठडा माहीत नाही, हातही माहीत नाही. त्याला पूर्ण पॅराबोला माहीत आहे, आणि तो जमिनीला दोन ठिकाणी छेदतो. मुलांपैकी कुणीतरी हे मागचं टोक वहीत तुटक रेषेनं काढतं तेव्हा त्या दिवसाचं माझं काम झालं असं मला वाटतं.

हवेचा विषय टाळून चालत नाही. "हवेचा विरोध नगण्य माना" हे वाक्य प्रश्नाच्या शेवटी असतं आणि मुलं ते न वाचता पुढे जातात, म्हणून मी त्याची किंमत सांगते. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्सनं लोलकावर गोळी मारून तिचा वेग काढायची पद्धत प्रसिद्ध केली. मस्केटच्या, म्हणजे त्या काळच्या लांब नळीच्या बंदुकीच्या, गोळीचा वेग सेकंदाला साधारण १७०० फूट निघाला. हवा नसती तर ४५ अंशांवर ती १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती. तोफांच्या पल्ल्यासाठी पॅराबोलाची कोष्टकं वापरणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. उलट गोळाफेकीतला ७.२६ किलोचा गोळा जड आणि तुलनेनं हळू असल्यानं हवा त्याला फारशी अडवत नाही, आणि त्याची वाट पॅराबोलाच्या फार जवळ राहते. बॅडमिंटनचं शटल घेतलं तर चढती बाजू लांब आणि उतरती बाजू जवळजवळ उभी. तिथे पॅराबोला शोधूच नये.

गोळाफेकीवरून आणखी एक. जागतिक दर्जाचे गोळाफेकपटू गोळा ४५ अंशांत सोडत नाहीत, बहुधा चाळिशीच्या आतच सोडतात. एक कारण सरळ आहे. गोळा खांद्याच्या वरून, सुमारे दोन मीटर उंचीवरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. सेकंदाला १४ मीटर वेग आणि २.१ मीटर उंची धरली तर सर्वोत्तम कोन ४२ अंशांच्या जवळ येतो. उरलेला फरक शरीरामुळे. माणूस आडव्या दिशेला जितक्या जोरानं ढकलू शकतो तितक्या जोरानं वरच्या दिशेला ढकलू शकत नाही, म्हणून कोन वाढवला की सुटण्याचा वेग घटतो. दोन्हींचा मेळ खालच्या कोनात बसतो.

माकड आणि शिकारी हा जुना प्रश्न पट्टीवर अगदी सोपा होतो. नेम माकडावर धरून गोळी झाडली आणि त्याच क्षणी माकडानं फांदी सोडली, तर गोळी लागेल का? पट्टीचं टोक माकडाकडे रोखा. गोळी या सरळ रेषेपासून जेवढी पडते, तेवढंच त्याच वेळात माकड फांदीपासून पडतं. त्यामुळे जमिनीवर पोचायच्या आत गोळी तिथवर गेली तर ती लागणारच, वेग जास्त असो की कमी. माकडाच्या जागी मी मुलांना पडणारा चेंडू कल्पायला सांगते, आणि मग विचारते, त्या पडणाऱ्या चेंडूवर बसून पाहिलं तर गोळी कशी येताना दिसेल?

अगदी सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं. कमान नाहीच. दोघांचं पडणं सारखं असल्यानं ते एकमेकांच्या हिशेबातून वजा होतं, आणि उरते ती फळ्यावर सुरुवातीला काढलेली तिरकी रेष. हवेत असलेले कुठलेही दोन चेंडू एकमेकांना सरळ रेषेत जाताना दिसतात. मला स्वतःला या धड्यातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. पृथ्वीभोवती सेकंदाला जवळपास ७.७ किलोमीटर वेगानं फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात सोडलेलं पेन तरंगतं तेही याच कारणानं. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनीच कमी आहे. स्थानक, माणूस आणि पेन, तिघंही सारखेच पडताहेत.

यावरून पट्टीचा अजून एक खेळ होतो, तो करून बघाच. एकाच जागेवरून, एकाच क्षणी, एकाच वेगानं सगळ्या दिशांना चेंडू सुटले तर थोड्या वेळानं ते कुठे असतील? पडणं नसतं तर ते वाढत जाणाऱ्या वर्तुळावर असते. पडणं सगळ्यांचं सारखं, म्हणून ते अख्खं वर्तुळच्या वर्तुळ खाली येतं, आकार न बिघडता. आकाशात फुटणाऱ्या शोभेच्या दारूचा गोल खाली सरकतानाही बराच वेळ गोलच दिसतो, तो म्हणूनच. पट्टीजवळ भिंतीवर कागद लावा, दिवा शक्य तितका समोर लांब ठेवा, आणि पट्टी फिरवत चौथ्या मण्याची सावली पेन्सिलीनं टिपत जा. वरची बाजू सहज होईल. खालच्या बाजूला शेवटचे लांब दोरे जमिनीला लागतील, ते गुंडाळून ठेवले तरी चालतं. ठिपके जोडले की साधारण ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ येईल. कंपास लावून त्याचा मध्य शोधा. तो खिळ्याच्या सरळ खाली, १६ सेंटिमीटरवर सापडेल.